तोंडी परीक्षेत मराठीतून उत्तर दिलं तर दर्जा घसरतो का?

परीक्षानळी

मी पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवते. गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये झालेला वाद डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडते.

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणाने दुसऱ्याचं प्रमाण मोजण्याचा प्रयोग, चालू होतं. आम्लाच्या गरम द्रावणात ब्युरेटमधून (खुणा केलेल्या काचेच्या नळीतून) परमँगनेट सोडायचं, त्याचा जांभळा रंग जात राहतो, फिका गुलाबी टिकला की थांबायचं. मी टेबलाटेबलापाशी जाऊन एकच प्रश्न विचारत होते: पहिल्या काही थेंबांचा रंग जायला वेळ लागतो, नंतरचे मात्र पडताक्षणी विरतात, असं का? इंग्रजी माध्यमाची मुलं 'एंड पॉइंट'ची, म्हणजे कुठे थांबायचं त्या बिंदूची, व्याख्या घडाघडा म्हणत होती. नंदुरबारकडच्या आश्रमशाळेतून आलेली एक मुलगी मान खाली घालून उभी होती. मी पुढे सरकणार तेवढ्यात हळूच म्हणाली, "मॅडम, मराठीत सांगू?" मग तिने सांगितलं, की या अभिक्रियेत मँगनीजचे जे आयन तयार होतात तेच उत्प्रेरकाचं, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवण्याचं, काम करतात. सुरुवातीला ते नसतात, म्हणून हळू. तयार झाले की पटापट. २२ जणांच्या बॅचमध्ये हे उत्तर तिने एकटीने दिलं.

मी पूर्ण गुण दिले. सहकाऱ्यांचा आक्षेप असा, की विज्ञानाची तोंडी परीक्षा इंग्रजीतच व्हायला हवी, आज सूट दिली तर उद्या दर्जा उरणार नाही. मला वाटतं, दर्जा प्रश्नात असतो. मी प्रश्न सोपा केलेला नव्हता.

तेव्हापासून वर्गात संज्ञा इंग्रजीच ठेवते आणि स्पष्टीकरण दोन्ही भाषांत देते. उद्याच्या तासाला लागणारे दहा-बारा शब्द आदल्या रात्री ग्रुपवर टाकते: रिडक्शन म्हणजे क्षपण, प्रेसिपिटेट म्हणजे अवक्षेप, व्हॅलन्सी म्हणजे संयुजा. प्रश्न विचारला की पहिला हात वर करणाऱ्याला लगेच उठवत नाही, सगळ्यांना दोन मिनिटं वहीत लिहू देते. लेखी पेपर सगळ्यांना तोच, इंग्रजीतच. तुमचं मत सांगा.

माळरान

मॅडम, तुमची तळमळ कळते, पण मी विरोधात आहे. मी लातूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकलो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला माझे चार विषय राहिले. मला कुणी मराठीत समजावलं नाही, म्हणून डिक्शनरी मांडीवर घेऊन बसलो आणि त्यातून उभा राहिलो. आज हिंजवडीत रोज परदेशी क्लायंटशी बोलतो. २०२१ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, मराठीतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, पिंपरी-चिंचवडमधल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शाखा मराठीतून सुरूही झाली. भावना चांगली आहे. पण मुलाखतीच्या टेबलावर त्या मुलांच्या शेजारी बसायला तुम्ही येणार आहात का? आज धरलेला हात तेव्हा सुटणारच.

आणि अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतूनच होतं ना? दोन वर्षं झाली की.

परीक्षानळी

दादा, आधी शेवटचं. बारावी इंग्रजीतून होते, पण ज्यांना क्लास परवडतो त्यांची. बाकीच्यांची पाठांतराने होते. त्या मुलीला इंग्रजी शब्द येतात. त्या शब्दांचं उभ्या उभ्या वाक्य करता येत नाही.

मी मराठी माध्यम मागत नाहीये. एकाच वर्गात दोन्ही भाषा चालू द्या, एवढंच म्हणते. आणि एक विचारते, राग मानू नका. तुमच्या तालुक्यातून त्या वर्षी तुमच्यासोबत किती जण आले होते? त्यातल्या किती जणांनी डिग्री घेतली?

जुना फळा

मी ३१ वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. बाईंच्या हेतूबद्दल शंका नाही, पण मला यात मोठी गफलत दिसते. पुण्यातल्या वर्गात अक्कलकोटचा कन्नड बोलणारा मुलगा असतो, बिहारचा असतो, मणिपूरची मुलगी असते. तुम्ही मराठीत समजावायला लागलात की तो तास त्यांच्यासाठी बंद. आज इंग्रजीमुळे नंदुरबार बाहेर आहे, उद्या मराठीमुळे इंफाळ बाहेर जाईल. इंग्रजी सगळ्यांनाच सारखी परकी आहे, म्हणून तीच न्याय्य.

आणि त्या मुलीची घरची भाषा मराठी तरी आहे का? तिकडे पावरी असते, भिली असते.

परीक्षानळी

सर, तिच्या घरी पावरीच बोलतात. मराठी तिने आश्रमशाळेत शिकून घेतली. म्हणजे तिने ते उत्तर दुसऱ्या भाषेत दिलं आणि आपण तिसऱ्या भाषेसाठी गुण कापायला निघालो होतो.

मणिपूरच्या मुलीबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र मी मान्य करते. माझ्या एका बॅचमध्ये ओडिशाचा मुलगा आहे, त्याच्यासाठी मी काय करते याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. फळ्यावर सगळं इंग्रजीत लिहिते, तोंडाने दोनदा सांगते. ते पुरेसं नाही. पण इंग्रजी सगळ्यांना सारखी परकी आहे हे मला पटत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी ती बालवाडीपासून ऐकलेली आहे.

तासिकावाला

इथे बोलणारे बहुतेक कायम नोकरीतले दिसतात. मी प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा पास झालो, पीएच.डी. झालो, आणि तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत मिळून शिकवतो. तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन्महिने थकतात. सुट्टीत शून्य. एका वर्गात १२० मुलं आहेत. मी आदल्या रात्री शब्दांची यादी करायची? कुठल्या वर्गाची, कुठल्या कॉलेजची?

मी समावेशक शिकवण्याच्या विरोधात नाही. पण जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवायच्या आणि मुलगा मागे पडला की शिक्षकाला संवेदनशीलतेचं प्रशिक्षण द्यायचं, याला माझा विरोध आहे. वर्ग ४० चा करा, मग मी प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवीन.

सातपुडा

मी शहादा तालुक्यातला. आता नोकरी करतो. भाषेचा त्रास झाला, पण तो एवढा लक्षात नाही. लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. पहिल्याच आठवड्यात क्लार्क वर्गात आला आणि म्हणाला, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." आम्ही नऊ जण उभे राहिलो. १०० मुलांना दोन मिनिटांत कळलं कोण कोण आहे. त्यानंतर प्रॅक्टिकलला जोडीदार शोधायला मला तीन आठवडे लागले.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२ च्या समता नियमांत हे स्पष्ट लिहिलंय, की वर्गात विद्यार्थ्याची जात-जमात जाहीर करणं, 'राखीव' असा शिक्का मारणं हा भेदभाव आहे. नोटीस बोर्डावर ऑफिसची वेळ लावली असती तरी काम झालं असतं. तासिकावाला सर, याला तुमचा एक मिनिटही लागत नाही.

मॅडम, एक तुम्हालाही सांगतो. त्या मुलीने स्वतःहून विचारलं हे चांगलं झालं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला असतात, "तुला मराठीत सांगायचंय का?", तर तिच्या जागी मी तोंड उघडलं नसतं. सवलत द्यायची तर पहिल्या दिवशी सगळ्या वर्गाला सांगा, की तोंडी परीक्षा कुणीही दोन्हीपैकी कुठल्याही भाषेत देऊ शकतं.

परीक्षानळी

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या बॅचला पहिल्याच तासाला सांगेन.

पांढरी काठी

मी पूर्ण अंध आहे, अर्थशास्त्रात एम.ए. केलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत आम्हा दिव्यांगांना किमान ५ टक्के जागा आहेत, परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटं जादा मिळतात. प्रवेशाची सोय आहे, परीक्षेची आहे. मधल्या वर्षभराची नाही.

आमचे सर मागणीवक्र शिकवताना म्हणायचे, "हा इथून असा इकडे सरकला, म्हणजे हा बिंदू इथे आला." माझ्यासाठी त्या वाक्यात काहीच नव्हतं. एकदा तासानंतर जाऊन विनंती केली, तर दुसऱ्या दिवसापासून ते म्हणायला लागले, "किंमत तीच आहे, उत्पन्न वाढलं, म्हणून मागणीवक्र उजवीकडे सरकला." शेवटच्या बाकावरची मुलं मला येऊन म्हणाली, आता आम्हालाही नोट्स नीट घेता येतात. त्यांना फळा दिसतच नव्हता.

तासिकावाला सर, तुमचं गाऱ्हाणं खरं आहे. पण 'हे', 'ते', 'इकडे' यांच्याऐवजी नाव घ्यायला वर्ग ४० चा व्हावा लागत नाही.

जुना फळा

हे मान्य. मीही फळ्याकडे तोंड करूनच बोलायचो, आणि मला कुणी सांगायला आलं नाही. की कुणाची हिंमत झाली नाही, ते आता कळायला मार्ग नाही.

पण लेखी परीक्षेत ती मुलगी मराठीत लिहिणार नाही. तिथे ते सुंदर उत्तर दोन ओळींत अडकणार. तोंडीला पूर्ण गुण देऊन तुम्ही तिला खोटा भरवसा देत आहात, हे माझं मत अजून तसंच आहे.

माळरान

मॅडम, तुमच्या प्रश्नाला कालपासून उत्तर लिहितोय आणि खोडतोय. आमच्या तालुक्यातून आम्ही सहा जण होतो. डिग्री दोघांना मिळाली. एक जण पहिल्याच सेमिस्टरनंतर गावी गेला तो परत आलाच नाही. गणितात तो माझ्यापेक्षा पुढे होता. रात्री मेसमध्ये मला इंटिग्रेशन तोच समजावून सांगायचा, मराठीत.

इंग्रजीशिवाय भागत नाही हे माझं मत बदललेलं नाही. जुना फळा सरांचा लेखीचा मुद्दाही खरा आहे. म्हणून एक सुचवतो. तिने मराठीत सांगितलं की तेच उत्तर तिच्याकडून दोन वाक्यांत इंग्रजीत म्हणवून घ्या, चुकत का होईना. गुण आधी द्या, इंग्रजी नंतर. आधी इंग्रजी मागितलंत तर ती उत्तरच देणार नाही.

तासिकावाला

मॅडम, तुमच्याकडच्या शब्दांच्या याद्या इथे टाकता येतील का? माझा विषयही रसायनशास्त्रच. तयार मिळाल्या तर तिन्ही कॉलेजांत वापरतो. रिकाम्या जागांबद्दल मात्र मी बोलत राहणार.