मदत हवी आहे: अमेरिकन फुटबॉलमध्ये सॅकचा दोष कोणाचा, हे कसं ओळखायचं?

मंडळी, शिकागो बेअर्स या संघावर जीव असणारं कोणी आहे का इथे? मला त्यांच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची, केलेब विल्यम्सची मनापासून काळजी वाटते. 2024 मध्ये, पहिल्याच सीझनमध्ये, पोरगा 68 वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच त्याला पाडलं गेलं. तरी 20 टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारे) आणि इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) फक्त 6! एवढा मार खाऊन चेंडू इतका जपणं सोपं नाही. संघ मात्र सलग 10 सामने हरला.

2025 च्या सीझनसाठी डेट्रॉइटच्या संघातून बेन जॉन्सन हेड कोच म्हणून आला. क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीत जो थूनी, जोना जॅक्सन आणि सेंटरला, म्हणजे फळीच्या मधोमध, ड्रू डालमन आले. मला आशा वाटली ती यामुळेच.

पण सॅक झाला की चूक फळीची, की चेंडू फार वेळ हातात ठेवणाऱ्या केलेबची, हे टीव्हीवर कळायचं कसं? कॅमेरा चेंडूवरच असतो, लांबचा रिसीव्हर (पास झेलणारा) मोकळा होता का ते दिसतच नाही.  कोणी जाणकार सांगेल का, स्नॅप झाल्या झाल्या, म्हणजे सेंटरने चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिल्याबरोबर, नजर नेमकी कुणावर ठेवायची?