विषय: योसेमिटी – १२० की १४०? (पोरं लहान आहेत, लवकर सांगा)

वृषाली, मंगळवार, रात्री १०:४७

मंडळी,
पुढच्या शुक्रवारी निघतोय. पाच कुटुंबं, सहा पोरं, त्यातली चार तीन वर्षांच्या आतली. शिवाय माझे आईबाबा. योसेमिटी व्हॅलीतल्या हाउसकीपिंग कॅम्पची चार युनिटं मिळालीत (रोज सकाळी चहाच्या आधी कॅन्सलेशन बघत बसले होते, तेव्हा कुठे), रोहन-केतकीला मात्र तिथल्याच करी व्हिलेजचा तंबूच मिळाला.

प्रश्न एकच. फ्रीमाँटहून योसेमिटी पार्कला हायवे १२० ने जायचं की हायवे १४० ने? ईशान सव्वादोन वर्षांचा आहे आणि वळणं लागली की ओकतो. टाहोच्या ट्रिपच्या वेळी काय झालं ते मंडळाच्या निम्म्या मेल लिस्टला माहीत आहे, गाडी संदीपची होती. तेव्हा कृपा करून "बघा काय सोयीचं वाटतं ते" असं उत्तर नको. एक नंबर सांगा.


नाना, बुधवार, सकाळी ६:१२

चि. वृषाली,
१२०. यात विचारण्यासारखं काही नाही. ट्रेसी, मँटिका, ओकडेल, मोकासिन, प्रीस्ट ग्रेडचा घाट, ग्रोव्हलँड आणि पार्कचं बिग ओक फ्लॅट गेट. आम्ही १९८९ पासून याच रस्त्याने जातो, आमचीही मुलं तेव्हा लहानच होती. पहाटे पाचला निघालात तर नाश्त्याला व्हॅलीत.
एकच सांगतो. मोकासिनच्या पुढे फोन कधीकधी जुन्या प्रीस्ट ग्रेडवर पाठवतो. दोन मैलांत डोंगर अंगावर येतो. भरलेली गाडी घेऊन तिकडे वळू नका. नव्या रस्त्याने सावकाश चढा.
– नाना


मिलिंद, बुधवार, सकाळी ८:३०

नानांचा मान राखून, १४०.
"सावकाश चढा" म्हणजे ओकणारं पोर मागे घेऊन सहा मैल वळणं मोजत बसा. त्यापेक्षा हायवे ९९ ने मर्सेडपर्यंत सरळ, तिथून १४०. मारिपोसा ते मिडपाइन्स वळणं आहेत, नाही म्हणत नाही, पण पुढे रस्ता मर्सेड नदीच्या काठाकाठाने जातो. फार चढ नाही, उंचीही कमी. थंडीत बाकीच्या रस्त्यांवर बर्फ असतं तेव्हा लोक याच रस्त्याने येतात ते उगाच नाही.
२००६ साली तिथे दरड कोसळून रस्ता गाडला गेला, तेव्हापासून त्या जागी नदीपलीकडून वळसा आहे, एकेरी पूल. सिग्नलला थांबावं लागतं. आम्ही तेवढ्यात डायपर बदलून घेतो.


नाना, बुधवार, सकाळी ८:५१

फ्रीमाँटहून मर्सेडला जायचं म्हणजे अर्धा-पाऊण तास उगाच जास्त. साउथ बेवाल्यांना ते जवळ पडतं म्हणून सगळ्यांनी तिकडूनच जावं असं नाही. गणपतीच्या हॉलच्या वेळीही हेच झालं होतं.


मिलिंद, बुधवार, सकाळी ९:०४

हॉलचा इथे काय संबंध? साउथ बेहून तर मी १५२ ने जातो. वाटेत कासा दे फ्रुता लागतं, तिथे पोरांची झुकझुक गाडी आहे, चक्राकार घोडे आहेत. आमची मुलगी योसेमिटी विसरली, ती गाडी विसरली नाही. पण हे मी वृषालीला सांगितलं नव्हतं, कारण ती फ्रीमाँटहून निघणार आहे हे मी वाचलं होतं.


शमाकाकू, बुधवार, दुपारी १२:१५

वृषाली बाळा, रस्ता कुठलाही घे, सकाळी त्याला दूध देऊ नकोस. चुरमुरे दे, कोरडी पोळी दे. लिंबू अर्धं कापून रुमालात बांधायचं आणि नाकाशी धरायचं. आमच्या सासूबाई सावंतवाडीला जाताना आंबोली घाट लागला की एसटीत हेच करायच्या, आणि लिंबू संपलं की कंडक्टरला गाडी थांबवायला लावायच्या. तो थांबवायचाही!
तिथे कुकर लावता येतो ना? पोरं पिझ्झ्यावर तीन दिवस कशी काढणार? आमच्याकडे हापूसच्या पेट्या आल्यात, एक तुमच्याबरोबर देते. सगळ्यांना पुरेल.


संदीप, बुधवार, दुपारी १२:४०

काकू, कुकरचं मी सांगतो, कारण सामान माझ्याकडे आहे. हाउसकीपिंग कॅम्पमध्ये शिजवायला परवानगी आहे. बाहेर ग्रिल असतं, आपली प्रोपेनची शेगडीही चालते, युनिटात प्लग पॉइंट आहे. करी व्हिलेजच्या तंबूत मात्र काहीही शिजवायचं नाही, चहासुद्धा नाही. रोहन-केतकीने जेवायला चालत यावं.
मंडळाचा मोठा राइस कुकर आणि दोन शेगड्या हव्या असतील तर आधी रजिस्टरमध्ये नोंद करा. तोंडी चालणार नाही. पाडव्याला कुणीतरी मोठी परात नेली ती अजून परत आलेली नाही. मी कुणाचं नाव घेत नाही.
आणि टाहोच्या विषयावर एवढंच बोलतो की गाडी मी विकली.


वृषाली, बुधवार, दुपारी १:२२

परात माझ्याकडे नाही. पाडव्याला मी पुण्यात होते.
कुकर आणि एक शेगडी लिहून ठेव.
१२० की १४०??


अमृता, बुधवार, रात्री ९:३६

पोरं आत्ता झोपली, म्हणून आत्ता लिहितेय.

आम्ही गेल्या मे महिन्यात १२० ने गेलो. प्रीस्ट ग्रेड चढून वर आलो, मी म्हटलं चला, झालं. आणि तेवढ्यात मागून तो आवाज आला. ओवीची सीट मागे तोंड करून होती (तेव्हा दोन पूर्ण नव्हती, आणि कॅलिफोर्नियात दोनच्या आत तसंच बसवावं लागतं, वजन ४० पौंड किंवा उंची ४० इंच नसेल तर), त्यामुळे तिचा चेहरा दिसलाच नाही. ग्रोव्हलँडला गाडी लावली आणि मी पाऊण तास पार्किंगमध्ये उकिडवी बसून सीटचे पट्टे पुसत होते. त्या बकलच्या आत भात जातो हे तुम्हाला माहीत आहे का? एकेक शीत. टूथपिकने काढलं. नवरा म्हणे, राहू दे, घरी गेल्यावर धुऊ.

खरी गंमत रात्री. आम्ही करीमध्ये होतो. डबे, बिस्किटं, सगळं शहाण्यासारखं अस्वलांना उघडता न येणाऱ्या लॉकरमध्ये ठेवलं. साडेनऊला कुणीतरी टॉर्च मारत गाड्या बघत आलं आणि म्हणालं, ही बेबी सीट काढा. मी म्हटलं, ती रिकामी आहे. तो म्हणाला, चुरा आहे आणि वास आहे. वास होताच हो! अंधार पडल्यावर गाडीत खाण्याचं काहीच ठेवायचं नाही हा तिथला नियम, आणि अस्वलाच्या हिशेबात बेबी वाइप्स, टूथपेस्ट, सनस्क्रीन, डायपर रॅशचं मलम हे सगळं खाणंच. मग सीट तंबूत आणली. रात्रभर आम्ही चौघं आणि ती सीट.

तेव्हा वृषाली, १४० घे. ईशान दोनच्या वर आहे, पण कुणी ड्रॅमामिन (गाडी लागण्यावरचं औषध) सुचवलं तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचार, मोटारीत बसल्यावर नाही. सीटखाली जुना टॉवेल घाल, एक जादा कपड्यांचा जोड हाताशी ठेव, डिकीत नको.

आणि काकू, राग मानू नका, पण पिकलेल्या हापूसची पेटी? अस्वलांच्या गावात?


नाना, गुरुवार, सकाळी ६:०५

अमृताने लिहिलेलं खरं आहे. नव्वदच्या दशकात अस्वलं गाडीचं दार वरच्या कडेला धरून खाली वाकवायची, केळं सोलावं तसं. आमच्या शेजारच्या होंडाचं मी स्वतः पाहिलं आहे. लॉकरमुळे पुष्कळ कमी झालं. हाउसकीपिंगला प्रत्येक युनिटाला लॉकर असतो, पण तो काही कपाट नव्हे, कुकर आडवा ठेवावा लागेल.
१२० बद्दल माझं मत कायम आहे. रात्रीच्या भातावर घाट चढायला रस्ता काय करणार?


अमृता, गुरुवार, सकाळी ७:१८

सकाळचा भात होता, नाना.


शमाकाकू, गुरुवार, सकाळी १०:०२

मग रस काढून बाटलीत देते. बाटलीला वास येत नाही.


केतकी, गुरुवार, सकाळी १०:२०

काकू, बाटलीलाही येतो. पण द्या. पहिल्याच दिवशी दुपारी संपवू, दिवसाउजेडी.

वृषाली, मला रस्त्यापेक्षा नदीची जास्त काळजी वाटते. हाउसकीपिंग कॅम्प अगदी मर्सेड नदीच्या काठावर आहे. फोटोत छान वाळू दिसते, पण मे महिन्यात वरचं बर्फ वितळून पाणी येतं. गार आणि जोराचं, मोठ्या माणसाचेही पाय सुटतात. तुमची युनिटं नदीकडची आहेत की रस्त्याकडची? कुठलीही असोत, तीन भिंती काँक्रीटच्या आणि चौथीकडे फक्त पडदा, हे लक्षात ठेव. ईशान पडद्याखालून निघेल.


वृषाली, गुरुवार, सकाळी १०:४१

दोन नदीकडची, दोन आतली. पोरं आतल्या दोनमध्ये झोपवू. दिवसा एक मोठा माणूस फक्त नदीकडे तोंड करून बसेल, दर तासाला बदली. बाबा म्हणाले, पहिली पाळी माझी, मला तसंही चालायचं नाही.


मिलिंद, गुरुवार, सकाळी ११:१५

काका-काकूंना चालायला जमत नसेल तर लोअर योसेमिटी फॉलचा फेरा करा, डांबरी आणि सपाट आहे, स्ट्रोलर जाते. मे मध्ये पुलावर तुषार उडून भिजायला होतं, पोरं वेडी होतात. मिरर लेकला जायचा रस्ताही पक्का आहे. व्हॅलीतली शटल फुकट आहे, स्ट्रोलर मात्र घडी करून धरावी लागते, तेव्हा मोठी वाली नेऊ नका. मिस्ट ट्रेलचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो पोरांना घेऊन करू नये, ओल्या दगडी पायऱ्या आहेत.
पेट्रोल मर्सेडला किंवा मारिपोसाला भरा. व्हॅलीत पंप नाही. आणि नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घ्या, कॅन्यनमध्ये रेंज जाते.


नाना, गुरुवार, सकाळी ११:२८

काकांच्या नावावर अपंग पार्किंगचं कार्ड आहे का? असेल तर मिरर लेकच्या रस्त्यावर गाडी नेऊ देतात, दिवे लुकलुकते ठेवून, अगदी हळू. आमच्या सौ.च्या गुडघ्यांमुळे हे कळलं.
जाताना १४० ने गेलात तर टनेल व्ह्यू (जिथून सगळी व्हॅली दिसते ती जागा) वाटेत लागणार नाही. १२० नेही लागत नाही. त्यामुळे रस्ता कुठलाही घ्या, पण आईबाबांना तिथे घेऊन जा. दुपारनंतर न्या, सकाळी ऊन डोळ्यांवर येतं.


मिलिंद, गुरुवार, सकाळी ११:३१

"रस्ता कुठलाही घ्या." हा मेल मी जपून ठेवतोय.


वृषाली, गुरुवार, रात्री ११:०९

ठरलं, १४०. पहाटे साडेचारला निघायचं, पोरं झोपेतच गाडीत टाकायची. नाश्ता मारिपोसात, ईशानला मिडपाइन्स ओलांडेपर्यंत फक्त चुरमुरे. लिंबं चार घेतली आहेत, काकू.

आत शिरायला रिझर्वेशन लागतं का, हे मीच पार्कच्या साइटवर बघते. २०२३ ला नव्हतं, २०२४ ला होतं, तेव्हा "आम्ही गेलो तेव्हा लागलं नाही" असं कुणी लिहू नका.

संदीप, कुकर गुरुवारी संध्याकाळी घेऊन जाते. सगळ्यांची खिचडी एकदाच होईल ना त्यात, की तीन घाण्या?


संदीप, शुक्रवार, सकाळी ७:५५

वीस जणांची एकदाच होते. कुकर रजिस्टरमध्ये लिहिला, शेगडी क्र. २ दिली आहे, क्र. १ चा नॉब सैल आहे. परातीचं कुणी बोलणार आहे का?


शमाकाकू, शुक्रवार, सकाळी ९:४०

अगंबाई, ती मोठी परात मंडळाची होय! माझ्याकडे आहे. आंबे पिकत घातलेत तिच्यात. रस झाला की घासून देते.