ज्वालाक्षेपक की आगीची पिचकारी?

प्रश्न : इटलीतल्या सेनिओ नदीवरच्या एप्रिल १९४५च्या लढाईचं भाषांतर करतोय. गाड्यांवर बसवलेल्या 'फ्लेमथ्रोअर'ला काय म्हणू? 'ज्वालाक्षेपक' चालेल? 'क्रॉकडाइल' (मगर), 'वास्प' (गांधीलमाशी) ही त्या गाड्यांची नावंही मराठीत आणू का?

उत्तर : नावांना हात लावू नका. 'मगरींनी नदीकाठी आग ओकली' असं छापून आलं तर वाचक सेनिओत मगरी शोधत बसेल.

'ज्वालाक्षेपक' रुळलाय, पण मला तो अडतो. एकतर 'क्षेपक' म्हटलं की आधी पोथीत घुसडलेली ओवी आठवते. दुसरं, ज्वाला कोणी फेकतच नाही. फेकतात ते इंधन. नुसतं पेट्रोल उडवलं तर त्याचा फवारा होऊन ते तोंडाशीच जळून जातं. म्हणून ते घट्ट करायचे. मग धार तुटत नाही, लांब जाते, जिथे पडेल तिथे चिकटून जळत राहते. क्रॉकडाइलवाले कधीकधी आधी न पेटवता खंदक भिजवायचे आणि मग पेटती धार सोडायचे. ही सरळसरळ पिचकारीच झाली.

प्रश्नकर्ता : पिचकारी? रंगपंचमी वाटेल हो!

उत्तर : शीर्षकात नको, समजावताना वापरा. एरवी 'आगीचा झोत सोडणारा रणगाडा'. क्रॉकडाइल म्हणजे चर्चिल रणगाडाच : बुरुजावरची तोफ शाबूत, पुढच्या मशीनगनच्या जागी झोताचं तोंड. इंधन मात्र मागच्या साडेसहा टनी चिलखती ट्रॉलीत, सुमारे १८०० लिटर. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा. नायट्रोजनच्या दाबाने धार १०० मीटरच्या पुढे जायची. एकेका सेकंदाचे ८० झोत, की ट्रॉली रिकामी.

आणखी एक : वास्पला 'रणगाडा' म्हणू नका. ती वरून उघडी, पट्ट्यांवर चालणारी हलकी चिलखती गाडी. तिला 'झोतगाडी' म्हणा. ९ एप्रिलच्या संध्याकाळी या दोन्हींनी सेनिओचे बांध भाजले आणि पाठोपाठ ८ व्या भारतीय डिव्हिजनचं पायदळ पुढे गेलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच दिवशीचा. आणि ते बांध उंच, मातीचे, पुराचे होते. भाषांतरात 'किनारा' लिहू नका, 'पूरबांध' लिहा.

प्रश्नकर्ता : 'किनारा'च लिहिलं होतं. बदलतो. 'झोतगाडी'ही घेतली.