मदत हवी आहे: उसातलं तणनाशक टोमॅटोला भोवलं का?

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात पंचगंगेकाठी आमचा सुरू हंगामाचा (थंडीच्या शेवटी लावलेला) ऊस आहे. भांगलणीला माणसं मिळेनात, म्हणून टू-फोर-डी (2,4-D) हे तणनाशक मारलं. सोडियम सॉल्ट, 80 टक्केवाली पांढरी पावडर. उसातली घोळ, माठ, गाजर गवत चार दिवसांत पिळवटून आडवं झालं. हरळी मात्र जशीच्या तशी हिरवीगार, कारण हे औषध रुंद पानाच्या तणांवर चालतं आणि ऊस काय, हरळी काय, दोन्ही गवतच.

घोळ पुढं झाला. तोच पाठीवरचा पंप साध्या पाण्यानं दोनदा खळबळून मी टोमॅटोवर बुरशीनाशक मारलं. (आळस, दुसरं काय!) आता शेंडे वाकलेत, नवी पानं दोरीसारखी अरुंद आणि शिरा एकमेकींना चिकटल्यागत सरळ. जिथून फवारणी सुरू केली त्या पहिल्या तीन सऱ्यांत जास्त, पुढं कमी कमी होत गेलंय. बांधापलीकडची चुलत्यांची वांगी ठणठणीत आहेत, त्यामुळं वाऱ्यानं उडून आलं असेल असं वाटत नाही. पंपातलंच उरलेलं असणार.

ज्यांना असा अनुभव आलाय त्यांनी सांगा: ही झाडं नवी फूट काढून सावरतात, की उपटून मोकळं व्हावं? लागलेली फळं घरी खावीत का? आणि पंप, नळी, नोजल धुण्याच्या सोड्यानं खरंच साफ होतं, की तणनाशकाला वेगळाच पंप घ्यावा? फोटो खाली टाकतोय.