वेबकॉमिकची पात्रं भागागणिक बदलतात: मॉडेल शीट बदलायची की चित्रं?

टाकबोरू
उभ्या स्क्रोलचं कौटुंबिक विनोदी कॉमिक करतोय, क्रिटा या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये. मुख्य पात्रं तीन: नऊवारीतली आजी, दहा वर्षांची नात आणि शेजारचा रिक्षावाला. मॉडेल शीट (पात्र कसं दिसतं ते ठरवणारा नमुना-कागद) आधीच केली होती. आता आठ भागांची कच्ची रेखाटनं झाली आहेत आणि पहिल्या भागाचं इंकिंगही (पक्क्या रेषा). सहाव्या भागापासून नातीचं डोकं मोठं झालंय, डोळे खाली सरकलेत, आजीचा चष्मा चौकोनी होता तो गोल झालाय. रेखाटनांत भरलेले रंगही प्रत्येक भागात जरा वेगळे दिसतात. सगळं शीटप्रमाणे दुरुस्त करायचं, की शीट बदलायची? पहिला भाग पुन्हा काढावा लागेल का?

कोराकागद
शीट बदला. पहिली शीट बहुतेक वेळा सरळ उभ्या, शांत पात्राची असते. कॉमिकमध्ये तेच पात्र धावतं, रुसतं, पाठमोरं बोलतं, आणि तेव्हा हात आपोआप सोपा आकार शोधतो. चौकोनी चष्मा तिरक्या चेहऱ्यावर नीट बसवायला दर वेळी परिप्रेक्ष्य सांभाळावं लागतं. गोल चष्म्याचा लंबगोल झाला की काम भागतं. तुमच्या हाताने योग्य निर्णय घेतलाय.

पण सगळेच बदल ठेवायचे नसतात. सहा, सात आणि आठ या भागांतून नातीचे दहा-बारा चेहरे कापून एका कॅनव्हासवर आणा आणि डोक्याची उंची सगळीकडे सारखी करा. जो बदल सगळ्यांत दिसतो, तो तिची नवी घडण. जो दोन ठिकाणी दिसतो आणि तिसरीकडे गायब होतो, ती चूक. डोळ्यांची रेषा, दोन डोळ्यांमधलं अंतर, कान कुठून सुरू होतो आणि केसांची कड एवढं मोजून शीटवर लिहा. नाक-तोंड मोकळं सोडा, त्यावर अभिनय चालतो.

उंची डोक्याच्या मापात ठरवा. खऱ्या दहा वर्षांच्या मुलीची उंची साधारण सहा-साडेसहा डोकी भरते. विनोदी कॉमिकमध्ये साडेतीन ते चार चालतात. ती चार असेल तर आजी साडेचार-पाच, वाकलेली म्हणून थोडी कमी. रिक्षावाला साडेपाच. तिघांना एका जमिनीच्या रेषेवर उभं करून मागे आडव्या रेघा मारून ठेवा, कारण दोघं एका चौकटीत आले की उंचीचा घोळ तिथेच होतो.

मग तिघांचं सिल्हूट (नुसता बाहेरचा आकार) काळं भरून १०० पिक्सेल उंचीवर बघा. मोबाइलचा पडदा जेमतेम सात सेंटीमीटर रुंद असतो, लांबच्या चौकटीत पात्र एवढंच उरतं. कोण कोण आहे ते तिथे कळत नसेल तर चेहऱ्यात कितीही कलाकुसर करा, उपयोग शून्य.

बदलाला घाबरू नका. ‘पीनट्स’ हे अमेरिकी कॉमिक २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झालं तेव्हा त्यातल्या चार्ली ब्राउनचा शर्ट साधा होता, नागमोडी पट्टा त्याच वर्षी डिसेंबरात आला. त्याचा स्नूपी तर सुरुवातीला चार पायांवर चालणारा साधा कुत्रा होता.

काठपदर
आजीबद्दल. नऊवारीचा फायदा करून घ्या. कासोटा मागे खोचलेला असल्यामुळे दोन्ही पाय वेगळे दिसतात; ती पळाली, उकिडवी बसली, भिंतीवर चढली तरी सिल्हूट स्पष्ट राहतं. सहावारीत तोच प्रसंग एका घंटेच्या आकारात गडप होतो. म्हणून शीटवर पुढून आणि बाजूने एवढ्यावर भागवू नका, पाठीमागून कासोटा कसा दिसतो ते हवंच. निऱ्यांसाठी तीन रेघा ठरवा आणि कायम तीनच. प्रत्येक चौकटीत वेगळ्या संख्येने निऱ्या आल्या की आजी कुठेतरी चुकतेय असं वाटत राहतं, का ते वाचकाला सांगता येत नाही.

लुगड्यावर चौकडा असेल तर तो काढून टाका. हाताने काढला तर प्रत्येक चौकटीत वेळ खातो. तयार नक्षी लेअरवर चिकटवली तर ती घडीबरोबर वळत नाही आणि आजी भिंतीवरच्या कागदासारखी सपाट दिसते. एक सपाट रंग आणि रुंद काठ, बस. काठ मात्र घडीप्रमाणे वळवा.

रंग का बदलतात? आधीच्या भागाच्या जेपीजीमधून आयड्रॉपरने (चित्रातला रंग उचलायचं साधन) रंग उचलत असणार. जेपीजीत दाबताना रंग किंचित सरकतात, रेषेलगत तर जास्तच, आणि कधी सावलीतला पिक्सेल उचलला जातो. आठव्या भागापर्यंत फरक साठत जातो. प्रत्येक पात्राचे चार-पाच रंग क्रिटाच्या पॅलेटमध्ये नावानिशी साठवा (“आजी त्वचा”, “आजी काठ”) आणि फक्त तिथूनच घ्या. सावलीचे वेगळे रंग नकोत: वर एक मल्टिप्लाय लेअर (खालचे रंग गडद करणारा थर), फिकट जांभळा, अपारदर्शकता ३०-४० टक्के. संध्याकाळचा प्रसंग आला तर तेवढा लेअर बदलायचा.

मात्रावेलांटी
शीटबद्दल सहमत, पण कच्च्या रेखाटनांत संवाद बसवले आहेत का ते सांगितलं नाहीत. बसवलेले नसतील तर आत्ता पात्रांची मापं पक्की करू नका. देवनागरी संवादाचा फुगा जागा खातो. मात्रा-रफार वर, उकार खाली, त्यामुळे ओळींतलं अंतर अक्षराच्या मापाच्या १३०-१४० टक्के ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. फुगे नंतर टाकले की पहिला बळी जातो तो उंच अंबाड्याचा किंवा रिक्षावाल्याच्या टोपीचा.

क्रम असा: संवाद लिहा, तीन-चार सेंटीमीटर रुंदीच्या थंबनेलमध्ये (छोट्या कच्च्या आराखड्यात) चौकटी ठरवा, मोठ्या कॅनव्हासवर आधी मजकूर टाका, मग फुग्यांतून उरलेल्या जागेत पात्रं. काम १६०० पिक्सेल रुंदीवर करा, शेवटी ८०० करा. अक्षर ८०० च्या मापात २८-३२ पिक्सेलच्या खाली नको. बाह्यरेषा १६०० वर ६-८ पिक्सेल ठेवा, कारण ३ ची रेषा निम्मी झाली की तुटक दिसते. चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे वेळ: लगेचचं उत्तर असेल तर १००-१५० पिक्सेल पुरे, प्रसंग बदलताना ५०० च्या पुढे.

फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ खुल्या परवान्याचे आहेत; संवादाला पहिला, आरडाओरड्याला दुसरा. आधी ‘विद्यार्थी’, ‘द्वंद्व’, ‘तऱ्हा’ टाइप करून बघा. पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे पडली किंवा जोडाक्षर फुटलं तर त्या प्रोग्रॅममधलं मजकुराचं साधन वापरू नका. इंकस्केप या रेखाचित्रांच्या प्रोग्रॅममध्ये मजकूर लिहून पारदर्शक पीएनजी काढा. फोटोशॉपची जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ सुरू करावं.

टाकबोरू
संवाद वेगळ्या फाइलमध्ये आहेत, फुगे नाहीत. आता आधी तेच बसवतो. पहिल्या भागाचं काय?

कोराकागद
अजून ऑनलाइन टाकलेला नाही ना? मग अख्खा नको, फक्त नातीचे जवळचे चेहरे आणि आजीचा चष्मा. लांबच्या चौकटी तशाच राहू द्या. डोकं निवडून ट्रान्सफॉर्मने मोठं करण्याचा मोह होईल, पण दहा टक्क्यांच्या पुढे गेलात की डोक्याची रेषा अंगाच्या रेषेपेक्षा जाड दिसते. त्यापेक्षा त्यावर नव्याने इंक करा.

एकदा टाकलेले भाग मात्र सोडून द्या. सगळं पुन्हा काढायचंच असेल तर स्वतंत्र आवृत्ती करावी. ‘वन-पंच मॅन’चं मूळ वेबकॉमिक ‘वन’ या टोपणनावाच्या जपानी चित्रकाराने २००९ मध्ये सुरू केलं, आणि २०१२ पासून युसुके मुराता यांनी नव्याने काढलेली मांगा (जपानी कॉमिक) वेगळी येऊ लागली. मूळ कच्च्या चित्रांचं कॉमिक पुसलं नाही.

काठपदर
आणि शीटच्या फाइलवर तारीख टाका. जुनी शीट खोडू नका, नुसती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आजीच्या तरुणपणाचा प्रसंग आला की चौकोनी चष्मा कामाला येईल.