धडक नाही, ब्रेक नाही, आणि ड्रायव्हर सीटचा हेडरेस्ट फाडकन पुढं आला. कुणाला अनुभव?

आलेवाला_कोरेगाव

मंडळी नमस्कार. गाडी परदेशी कंपनीची, २०१२ चं मॉडेल, पुण्यातून सेकंड हँड घेतलेली. आल्याला दर लागला होता त्या साली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव टाकलं की निम्मे लोक "हीच गाडी का घेतली" यावर सुरू होतात आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला.

परवा व्यापाऱ्याकडून पट्टीचे पैसे घेऊन साताऱ्याहून घरी येत होतो. शेजारी मंडळी. क्षेत्र माहुलीचा पूल मागं टाकला, पुढं रस्ता मोकळा, वेग साठच्या आतबाहेर. खड्डा नाही, स्पीडब्रेकर नाही, मागं गाडीसुद्धा नाही. एकदम फाट करून आवाज आला आणि डोक्यात मागनं सणसणीत बसली. चष्मा उडून मांडीवर. मंडळींनी आधी मागच्या सीटवर कोण बसलंय का ते वळून बघितलं, मग माझ्याकडं.

गाडी बाजूला घेऊन बघतो तर हेडरेस्टचा पुढचा अर्धा भाग, म्हणजे फोमचा, चार बोटं पुढं आलाय. मागचं प्लास्टिकचं कवच जागेवर. मधल्या फटीतनं स्प्रिंगा आणि लोखंडी दांड्या दिसतात. मंडळींच्या बाजूचा हेडरेस्ट जसाच्या तसा. एअरबॅग उघडली नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही. हातानं दाबून मागं सारला तर जातो, पण धरत नाही, सोडला की परत पुढं. घरापर्यंत मान खाली घालून आलो, नवरीसारखा.

गावातला फिटर म्हणतो फेव्हिक्विक लावा आणि वरनं पट्टा आवळा. पुण्याच्या वर्कशॉपला फोन केला तर "अख्खी सीट बदलावी लागेल", का ते सांगायला कुणी तयार नाही. मला तीन गोष्टी कळंनात. हे झालं कशानं? उद्या एअरबॅगपण अशीच तोंडावर उघडेल का? आणि हेडरेस्ट काढून ठेवून गाडी चालवली तर चालेल का? पोराला रोज क्लासला साताऱ्याला सोडायचं असतं.

पेढेवाला_मोतीचौक

अण्णा, अमावस्या होती का परवा? लिंबू-मिरची बांधा, वर्कशॉपपेक्षा स्वस्त पडेल. (गंमत. जाणकार येतील, थांबा.)

मिरजेची_फिजिओ

दादा, गाडीचं बाकीचे सांगतील, मी मानेचं सांगते. तुम्ही दुखतंय की नाही हे लिहिलंच नाहीत, पुरुष लिहीत नाहीत. असा फटका बसला की दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी जाणवतं. मान आखडणं, डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका, एवढंच असेल तर घाबरू नका, पण मान वळवताना अडतंय का ते बघा. हाताला मुंग्या, बोटांत अशक्तपणा, चक्कर, उलटी किंवा दिसायला अंधुक, यातलं काहीही असेल तर आजच डॉक्टरांकडे जा. मालिशवाल्याकडून मान मोडून घेऊ नका, हे हात जोडून सांगते.

आणि हेडरेस्ट काढून गाडी चालवायची नाही. आपल्याकडं लोक त्याला उशी समजतात आणि अगदी खाली दाबून मानेला टेकवतात. त्याची वरची कड डोक्याच्या वरच्या भागाच्या पातळीला आली पाहिजे आणि डोकं ते हेडरेस्ट अंतर शक्य तितकं कमी. मागून कुणी ठोकलं तर मान वाचवणारी ती एकच वस्तू असते.

मोल्डिंगवाला_सातारा

साताऱ्याच्या एमआयडीसीत माझं इंजेक्शन मोल्डिंगचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भाग काढायचं, छोटं युनिट आहे. गाड्यांचे क्लिप, हूक, ब्रॅकेट काढण्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अण्णा, वाचायला वेळ काढा.

तुमच्या सीटवरचा हेडरेस्ट साधा नाही, ॲक्टिव्ह हेडरेस्ट आहे. मागून धडक बसली की सीट तुमच्या पाठीला पुढं ढकलते. डोकं जागच्या जागी राहू बघतं, म्हणजे मानेच्या हिशेबानं मागं पडतं. डोकं आणि हेडरेस्ट यांच्यात अंतर जेवढं जास्त, तेवढं मानेचं हाल. ते अंतर धडकेच्या क्षणी भरून काढायला हेडरेस्ट स्वतः पुढं येतो. कल्पना उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण ही कल्पना दोन वेगळ्या रीतीनं गाड्यांत आली. एक पूर्ण यांत्रिक. साब कंपनीनं १९९७ मध्ये ९-५ या गाडीत ती दिली. सीटच्या पाठीत एक पट्टी असते, धडकेत तुमच्याच पाठीचा दाब तिच्यावर पडतो आणि लिव्हरनं हेडरेस्ट वर-पुढं येतो. ना वायर, ना दाबून ठेवलेली स्प्रिंग. ती आपणहून डोक्यात बसायचं कारणच नाही, कुणीतरी पाठ रेटल्याशिवाय ती हलत नाही.

दुसरी रीत तुमच्या गाडीतली दिसते, कारण तुम्हाला स्प्रिंगा दिसल्या. यात स्प्रिंग कारखान्यातच दाबून एका हुकात अडकवलेली असते. मागून धडक बसली की एअरबॅगचाच कंट्रोलर सिग्नल देतो, हूक सुटतो, स्प्रिंग काम करते. म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यापासून रात्रंदिवस, गाडी चालू असो वा बंद, त्या हुकावर ओढ आहे. तो हूक किंवा त्याला धरणारा भाग प्लास्टिकचा असेल तर खरी गोष्ट तिथं सुरू होते.

प्लास्टिकवर एकदा मोठा भार टाकला तर ते पेलतं. पण त्याहून कमी भार वर्षानुवर्षं तसाच ठेवला तर ते हळूहळू ताणत जातं. आमच्या धंद्यात याला क्रीप म्हणतात. त्यात उष्णता घाला. एप्रिलमध्ये मार्केट यार्डात काचा लावून उभी केलेली गाडी आतून बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस अंशांनी सहज जास्त तापते. डिझाइनवाल्यानं हुकाच्या आतल्या कोपऱ्याला गोलाई कमी दिली असेल तर सगळा ताण तिथं गोळा होतो आणि बारीक तडा तिथूनच निघतो. मोल्डमध्ये दोन बाजूंनी आलेला माल जिथं जुळतो ती रेघ नेमकी हुकाच्या मानेवर आली, तर आणखी वाईट. असा तडा पुरा व्हायला धक्का लागत नाही. माहुलीच्या पुलाचा यात काही दोष नाही, तो रात्री दारात उभ्या गाडीतसुद्धा सुटला असता.

माझं अनुमान आहे की तुमचा हूक तुटलाय, आणि ते पारखायला दोन खुणा आहेत. पहिली तुम्हीच लिहिलीत: एकच हेडरेस्ट आला. कंट्रोलरनं सिग्नल दिला असता तर साधारण पुढचे दोन्ही एकदम आले असते. दुसरी खूण, दाबून मागं नेला तरी धरत नाही. हूक शाबूत असलेले हेडरेस्ट परत बसवता येतात. मर्सिडीजच्या नेक-प्रो हेडरेस्टची तर परत बसवायची पद्धत मालकाच्या मॅन्युअलमध्येच दिलेली असते. बऱ्याच गाड्यांत फोमचा भाग धरून खाली आणि मागं रेटला की टक आवाज होऊन बसतो. तुमचा बसत नाही, म्हणजे त्याला अडकायला काही उरलेलं नाही.

तरी खात्री म्हणून ज्याच्याकडं एअरबॅगचा मॉड्यूल, म्हणजे वर सांगितलेला कंट्रोलरच, वाचणारा स्कॅनर आहे त्याच्याकडून स्कॅन करून घ्या. नुसता इंजिनाचे कोड दाखवणारा स्वस्तातला स्कॅनर उपयोगाचा नाही. सिग्नल गेला असेल तर मॉड्यूलमध्ये नोंद सापडेल. नोंद नसेल तर निव्वळ प्लास्टिक तुटलंय. यातच तुमच्या एअरबॅगच्या प्रश्नाचं उत्तर आहे. एअरबॅग स्प्रिंगनं उघडत नाही, तिला विजेचा सिग्नल मिळून आतलं रसायन पेटावं लागतं, त्याच्या गॅसनं ती फुगते. हेडरेस्टचा हूक तुटला म्हणून एअरबॅग उघडेल असं होत नाही. मात्र मॉड्यूलमध्ये सिग्नलची नोंद सापडली तर प्रकरण वेगळं, मग गाडी उभीच ठेवा.

अमेरिकेत हा वाद कोर्टात गेलेला आहे. क्रायस्लर, डॉज, जीप या गाड्या बनवणाऱ्या एफसीए कंपनीवर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टात दावा दाखल झाला. मालकांचं म्हणणं, हेडरेस्टमधला प्लास्टिकचा ब्रॅकेट स्प्रिंगच्या सततच्या दाबानं तुटतो आणि हेडरेस्ट धडकेशिवाय डोक्यात बसतो. हा फिर्यादींचा दावा आहे, आणि तुमची गाडी त्यातलीच असं मी म्हणत नाही. सांगायचं एवढंच की तुम्हाला भास झालेला नाही.

फेव्हिक्विकवाल्या फिटरला चहा पाजा आणि घरी पाठवा. कायम ओढ असलेला तुकडा चिकटवून स्प्रिंग परत दाबून बसवणं म्हणजे पुढच्या फटक्याची तारीख काढणं.

रिटायर्ड_डेपो_मेकॅनिक

मोल्डिंगवाल्यांनी बरोबर लिहिलंय. मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. आमच्या लालपरीला असली नाटकं नव्हती, सीटला दांडी आणि दांडीला प्रवासी. पण मुलाचं गॅरेज आहे, तिथं बसतो, म्हणून हाताखालून गेलंय.

एक सांगतो. कुणीही हेडरेस्ट उघडणार असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि काही मिनिटं थांबायचं. घाई करणाऱ्याला सीटला हात लावू देऊ नका. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतात ते एअरबॅग आणि बेल्टच्या लाईनचे असतात. टेस्ट लॅम्प घेऊन त्यात खुपसणारे बहाद्दर आपल्याकडं पुष्कळ आहेत. आणि कनेक्टर काढून इग्निशन चालू केलं की एअरबॅगचा दिवा लागतो, मग तो विझवायला परत स्कॅनरवाला. स्प्रिंग दाबलेली असेल तोवर तोंड समोर नेऊन बघायचं नाही. तुमची सुटलेलीच आहे, पण शेजारची अजून भरलेली बंदूक आहे, तिकडं बोटं घालू नका.

सांगलीचा_वकील

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडं सक्तीच्या रिकॉलचा, म्हणजे दोष निघालेल्या गाड्या कंपनीनं परत बोलावून दुरुस्त करायचा, नियम १ एप्रिल २०२१ पासून आहे आणि तो सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागतो. तुमचं २०१२ चं मॉडेल त्यात बसत नाही. म्हणून कंपनीनं स्वतःहून या मॉडेलसाठी काही मोफत दुरुस्ती जाहीर केली आहे का, हे चासी नंबर देऊन ईमेलवर विचारा. फोनवर नाही. फोनवर "सीट बदला" म्हणणारे ईमेलवर कारण लिहायला लागले की भाषा बदलते. फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा, तुटलेला भाग फेकू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथं तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत. सेकंड हँड गाडी आणि एवढं वय, त्यामुळं भरपाईची मोठी आशा धरू नका.

आलेवाला_कोरेगाव

सगळ्यांचे आभार. ताई, मान दुखत होती, आता कमी आहे, मुंग्याबिंग्या काही नाहीत. तरी डॉक्टरांना दाखवून आलो.

साताऱ्यात एकाकडं एअरबॅग वाचणारा स्कॅनर मिळाला. मॉड्यूलमध्ये काही नोंद नाही, सगळं स्वच्छ. बॅटरी काढून, थांबून, हेडरेस्टचं मागचं कवच उघडलं. आत करंगळीएवढा प्लास्टिकचा हूक, नाक तुटून खाली पडलेलं. एवढ्याशा तुकड्यासाठी अख्खी सीट?

आता दोन वाटा दिसतायत. पुण्याच्या स्क्रॅपवाल्याकडं त्याच मॉडेलचा जुना हेडरेस्ट आहे, स्वस्तात देतोय. नाहीतर दुसऱ्या मॉडेलचा साधा हेडरेस्ट, दांड्या जुळतात म्हणे. काय करू?

मोल्डिंगवाला_सातारा

स्क्रॅपच्या हेडरेस्टमधला हूकही तुमच्याच गाडीच्या वयाचा असणार, तेवढीच वर्षं ओढ सोसलेला. वरून चकचकीत दिसेल, पण तडा आतल्या कोपऱ्यात असतो, डोळ्याला दिसत नाही. पैसे देऊन तोच त्रास विकत घेऊ नका.

साधा हेडरेस्ट बसवला तर कनेक्टर मोकळा राहील, मग डेपोवाले काका म्हणाले तो दिवा कायमचा. खरी एअरबॅग बिघडली तर तुम्हाला कळणारच नाही. शिवाय दांड्या जुळल्या म्हणजे अंतर जुळलं असं नाही. अमेरिकेनं २००४ मध्ये जो नियम केला त्यात पुढच्या सीटवर डोक्याचं मागचं टोक ते हेडरेस्ट हे अंतर जास्तीत जास्त ५५ मिलिमीटर ठेवलं. पुढं बऱ्याच कंपन्यांनी हे अंतर साध्या, न हलणाऱ्या हेडरेस्टमध्येच गाठलं आणि स्प्रिंगा काढून टाकल्या. पण ते त्या सीटसाठी मोजून केलेलं असतं, कुठलाही उचलून कुठंही नाही.

नवा हेडरेस्ट सुटा मिळतो का ते पार्ट नंबर काढून विचारा. अख्खी सीट हे वर्कशॉपचं सोयीचं उत्तर आहे, बऱ्याच मॉडेलना हेडरेस्ट स्वतंत्र पार्ट असतो. आणि मागवणार असाल तर दोन मागवा. वहिनींच्या बाजूचा हूकही २०१२ चाच आहे.

आलेवाला_कोरेगाव

ईमेल टाकली, चासी नंबरसकट. सुटा पार्ट मिळतो असं उत्तर आलं, महिनाभर लागेल म्हणतायत. सीटचं कुणी नाव काढलं नाही, वकीलसाहेबांचं म्हणणं खरं निघालं. दोन्ही सांगितलेत. तोवर पोरगा एसटीनं जाईल आणि गाडी शेडमध्ये. शेजारच्या सीटचं मंडळींना समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "मग पार्ट आणायला जाताना तुम्ही इकडं बसा, मी चालवते."

मोल्डिंगवाला_सातारा

वहिनींना सांगा दोघांनी एसटीनंच जा. आणि तो तुटलेला हूक तुमची ईमेल मिटली की माझ्याकडं आणून द्या. भिंगाखाली बघायचाय तडा कुठून निघाला ते. बदल्यात चहा आणि आल्याचा आजचा भाव विचारीन.