मदत हवी आहे : एनटीएससी कॅसेटचे चित्र संगणकावर कृष्णधवल का येते?

घरगुती चित्रीकरणाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट मला संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत. त्यांपैकी काही पाल (भारतात वापरली जाणारी), तर काही एनटीएससी (अमेरिका-जपानमधली) या टीव्ही-संकेताच्या पद्धतींच्या आहेत. माझ्या व्हीसीआरवर दोन्ही चालतात आणि पाल कॅसेटबाबत काहीच अडचण नाही. एनटीएससी कॅसेट लावल्यावर मात्र टीव्हीवर रंगीत दिसणारे चित्र कॅप्चर कार्डातून (व्हिडिओ संकेत संगणकात घेणाऱ्या उपकरणातून) संगणकावर कृष्णधवल येते. कार्डाचे सेटिंग पालवर नेले, तर चित्र वर सरकत राहते आणि दोन चौकटींमधला काळा पट्टा सतत फिरताना दिसतो.

माझा तर्क असा की, हा व्हीसीआर शुद्ध एनटीएससीऐवजी ‘पाल ६०’ हा मिश्र संकेत देत असावा, म्हणजे ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ६० फील्ड (अर्ध्या चौकटी) एनटीएससीप्रमाणेच, पण रंग मात्र ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर पाल पद्धतीने बसवलेला. टीव्ही तो ओळखतो, पण एनटीएससीच्या ३.५८ मेगाहर्ट्झची अपेक्षा धरणाऱ्या कार्डाला रंग सापडतच नाही. एस-व्हिडिओ केबलनेही हे सुटणार नाही, कारण तीत रंगाची तार वेगळी असली तरी लहर तीच राहते.

फिती दिवसेंदिवस झिजत आहेत, म्हणून त्या वारंवार चालवून प्रयोग करणे मला नको वाटते. तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की, ‘पाल ६०’ ओळखणारे कार्ड घ्यावे, की ३.५८चा खरा एनटीएससी संकेत देणारा व्हीसीआर शोधावा, आणि दुसऱ्या पर्यायात जुन्या फितींसाठी टाइम बेस करेक्टरही (फितीच्या संकेतातील वेळेची अस्थिरता सुधारणारे उपकरण) लागेल का?